वासिनेट म्हणजे काय?

"आजोबांच्या बिअरचं नाव दिवसाढवळ्या पळवतायत मेले!" वाल्बुर्गाबाईंनी टेबलावर मूठ आपटली.

त्याच मुलखातला गुप्तहेर झावर ऐकत होता. बाईंच्या दक्षिण जर्मनीतल्या, बव्हेरियातल्या खेड्यात बिअरचा छोटासा कारखाना होता आणि 'वासिनेट' ही त्यांची एकच बिअर. आता एक बडी कंपनी म्हणत होती, नाव मूळचं आमचं. पुरावा काय, तर त्यांनी विकत घेतलेल्या मठाच्या तळघरातला मातीचा मग. त्यावर 'वासिनेट' आणि साल १७९१. उद्या नावनोंदणीच्या परमुलखातल्या अधिकाऱ्यापुढे निकाल. नाव गेलं की कारखान्याला कुलूप.

"नावाचा अर्थ काय, बाई?" झावरचा मित्र हिन्नर्क म्हणाला. तो हॅम्बुर्गचा, उत्तरेकडचा.

"मला ठाऊक नाही."

"अहो, मग केस कशी जिंकणार?"

"त्या अधिकाऱ्यालाही हेच सांगितलं. तो फिदीफिदी हसला! दोनदा खरं सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायला मी काय भीक मागत्येय?"

झावर मात्र गालात हसला.

तिथून दोघे गावातल्या कुंभार इग्नाझकडे गेले. जुन्या घाटाचे मग करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

"कंपनीचा मग तूच केलास ना?" हिन्नर्कने दरडावलं.

"मी? आणि त्यावर ते नाव, मठवाल्यांचं म्हणून?" इग्नाझ पोट धरून हसला.

"अहो, माझा चष्मा कुठाय?" आतून बायको ओरडली.

"वासिनेद!" इग्नाझ गावठी बोलीत खेकसला.

"बायको चष्मा मागते आणि हा बिअरचं नाव सांगतो! बेवडा लेकाचा," बाहेर येताच हिन्नर्क पुटपुटला.

कंपनीचे डॉ. लोर्कही उत्तरेचेच. त्यांनी मग कौतुकाने फिरवून दाखवला. "वासिनेट म्हणजे लॅटिनमध्ये पवित्र पात्र."

"मठातले साधू कुठले होते?"

"इथलेच, आसपासच्या खेड्यांतले. अस्सल माल आहे!"

दुसऱ्या दिवशी भर सुनावणीत झावर उठला.

"साहेब, बाईंनी अर्थ सांगितला होता. तुम्हीच ऐकला नाहीत. आमच्या बोलीत 'वासिनेद' म्हणजे 'मला ठाऊक नाही'!"

हिन्नर्कने कपाळावर हात मारला. "अरे देवा, चष्मा!"

"गावातले म्हातारे सांगतात, आजोबांच्या बिअरला नावच नव्हतं. उत्तरेकडच्या एका पाहुण्याने विचारलं, हिचं नाव काय? आजोबा म्हणाले, वासिनेद. पाहुण्याला तेच नाव वाटलं, शेवटचा 'द' त्याने 'ट' केला आणि गावोगाव 'वासिनेट' मागत सुटला. गावाला इतकं हसू आलं की तेच नाव ठेवलं."

"मग मठवाल्यांनीही..." लोर्क चाचरले.

"ते इथलेच, तुम्हीच म्हणालात. आपल्या मगावर 'मला ठाऊक नाही' असं कोण लिहील? तेही परक्याच्या बोबड्या उच्चारात? इग्नाझलाही या कल्पनेचंच हसू आलं. हा मग अर्थ न कळणाऱ्याने करवून घेतलाय. लॅटिन शिकवून गरिबाच्या पोटावर पाय देता? लाज नाही वाटत?"

अधिकाऱ्याचा चेहरा पडला. त्याने मग उचलून पुढे धरला. "डॉक्टर, हा कोणी घडवला?"

लोर्क दोन पावलं मागे सरकले. "मला... मला ठाऊक नाही."

"घ्या!" वाल्बुर्गाबाई कडाडल्या. "आता कुठे अर्थ बरोबर सांगितलान मेल्याने!"