सगळं पूर्णेचं, पाणी सोडून

"नंबर लावा आणि बसा," दीपमाला मान वर न करताच म्हणाली.

"मले दात नाही दाखवाचे, मॅडम. मासे पाहाचे आहेत."

आता मात्र तिनं मान वर केली. समोर एक उंच, सावळा मुलगा उभा होता. एका हातात बादली, दुसऱ्या हातात बाभळीचं वाकडंतिकडं मूळ, आणि पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. बाकावर गाल धरून बसलेल्या आजीबाईंनी पाय वर उचलून घेतले.

अमरावतीच्या त्या दातांच्या दवाखान्यात दीपमाला काउंटरवर बसायची. कोपऱ्यात काचेची एक टाकी होती. तिच्यात निळे खडे, प्लॅस्टिकचा किल्ला आणि तोंडातून बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा बेडूक. तीन सोनेरी मासेही होते, ते एकेक करून गेले. म्हणून डॉक्टरांनी अकोल्याहून या प्रीतमला बोलावलं होतं. टाक्या सजवणं हाच त्याचा धंदा.

त्यानं पहिल्यांदा किल्ला उपसून काढला.

"माशाले किल्ल्यात राहाचं काय काम? राजा आहे का तो? आता आपल्या पूर्णेतले मासे ठेवतो. रेती पूर्णेची, गोटे पूर्णेचे, मूळ काठावरचं. आपन दवाखान्यात आलो, असं त्याईले वाटलंच नाही पायजे."

"पन त्याईले काच दिसन ना?"

प्रीतमचा हात थांबला. "असं मले आजवर कोनी इचारलं नाही," तो म्हणाला. "तीन बाजूनं काळा कागद लावतो. समोरून मात्र… पाहाचं असते ना आपल्याले."

"म्हंजे तीन बाजूनं नदी, आन एका बाजूनं आपन!"

ती हसली, आणि लगेच तिचा हात तोंडावर गेला. ती नेहमी असंच हसायची. लहानपणी प्यालेल्या बोअरच्या पाण्यानं तिच्या दातांवर तपकिरी डाग पडले होते, आणि नोकरी लागली ती नेमकी दातांच्या दवाखान्यात.

"गाव कोनतं तुमचं?"

"मी? इथलीच… अमरावतीची."

खोटं होतं ते. तिचं गाव भातकुलीच्या पुढे, पूर्णेच्या काठाला, खारपाणपट्ट्यात. तिथलं विहिरीचं पाणी घोटभरही पिववत नाही. दीपमाला रोज संध्याकाळी स्कूटीवर पायाशी गोड्या पाण्याची कॅन ठेवून घरी जायची. मागच्या वर्षी तिला पाहायला पाहुणे आले, त्या दिवशी कॅन संपलेली. मुलाच्या वडिलांनी ग्लासातला एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि ग्लास खाली ठेवला. निरोप पाठवतो म्हणाले. निरोप काही आला नाही. तेव्हापासून गावाचं नाव तिच्या ओठावर येत नसे.

प्रीतम दर गुरुवारी यायचा. ती प्रश्न साठवून ठेवायची.

"मासे झोपतात का?"

"झोपतात ना. डोळे उघडे ठेवून. दुपारी तीन वाजता तुमी काउंटरवर झोपता तसे."

"मी झोपत नाही! माहा इचार चालू असते."

"कोनाचा?"

"…माशांचा."

तो गालात हसला आणि टाकीच्या एका अंगाला लहानसा पंप बसवू लागला. पाणी हळूहळू वाहू लागलं. नदीतला मासा धारेकडे तोंड करून उभा राहतो, त्याला अंगावर वाहतं पाणी लागतं, असं तो सांगत होता. तिनं बादलीतली रेती चिमटीत घेतली.

"ही मोठ्या वळनावरची ना? चमक आहे तिले."

"अमरावतीच्या पोरीले पूर्णेची रेती वळखू येते?"

तिला एकदम पेशंटचे नंबर आठवले.

मासे आले. बोटाएवढे, रुपेरी, शेपटीजवळ काळा ठिपका. दोन दिवस छान फिरले. तिसऱ्या दिवशी पंख मिटून तळाशी बसले. मग दोन मेले, मग आणखी एक. डॉक्टर टाकीसमोर उभे राहून म्हणाले, "सोमवारपर्यंत पाहतो. नाही जमलं तर इथं टीव्ही लावून टाकतो."

दीपमालाच्या मनात आलं, टीव्हीची निगा राखायला अकोल्याहून कुणी येत नसतं.

त्या गुरुवारी प्रीतम टाकीपुढे नुसताच बसून राहिला. "धार देल्ली, सावली देल्ली… काय चुकलं, समजत नाही."

"पानी कोनतं टाकलं?" तिनं विचारलं.

"फिल्टरचं. जारवाल्याकडून आनलं. नदीचं गढूळ होतं, त्यात मासेच नसते दिसले. म्हटलं एकदम शुद्ध टाकू."

चूक दीपमालाच्या ध्यानात आली. तिच्या गावच्या डोहात उन्हाळ्यात झऱ्यांचं खारं पाणी उतरतं आणि हेच मासे त्यात खुशाल नाचतात, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. पण हे सांगायचं म्हणजे गावही सांगायचं. घरी जाईपर्यंत ती त्याच विचारात होती.

सकाळी तिनं विहिरीवर कॅन भरली. आई, आशाबाई, दारात उभी राहून पाहत होती. "अवो माय! लोकं शयरातून गोड पानी घरी आनतात, अन् हे पोरगी खारं घिऊन शयरात चालली! कोनाले पाजतं व?"

"माशाईले."

"माशाईलेच का?" आशाबाई म्हणाली, आणि दीपमालानं स्कूटी जोरात सुरू केली.

फोन केल्याबरोबर प्रीतम आला. कॅनकडे पाहून म्हणाला, "कुठचं आहे हे?"

"आमच्या विहिरीचं. मी अमरावतीची नाही… खारपानातली आहो. तुमी रेती आनली, त्या वळनावरची." ती टाकीकडेच पाहत बोलली.

प्रीतमनं कपाळावर हात मारून घेतला. "सगळं आनलं पूर्णेचं… पानी तेवढं सोडून!" मग हळूच म्हणाला, "पन गाव काहून लपवलं?"

"एका घोटात पावने उठून गेले होते. म्हनून."

प्रीतमनं कॅनचं झाकण उघडलं. एक मग पाणी ओतायचं, घटकाभर थांबायचं, पुन्हा एक मग. दोन दिवस त्यानं हेच केलं. सोमवारी उरलेले सगळे मासे धारेकडे तोंड करून एका ओळीत उभे होते. डॉक्टर म्हणाले, "राहू द्या टाकी."

पण गुरुवारी प्रीतम आला नाही. फोनही नाही. दीपमाला दिवसभर दाराकडे पाहत राहिली. आणखी एक जण एका घोटात उठून गेला, असं तिनं मनाशी धरलं.

रविवारी ती अंगणात कपडे वाळत घालत होती. फाटकाशी मोटारसायकल थांबली. मागे दोन रिकाम्या कॅन बांधलेल्या.

"पानी पायजे होतं," प्रीतम म्हणाला.

"गाव कसं सापडलं?"

"वळनावरून वर चढलो."

"गुरुवारी काहून नाही आले?"

"मासे बरे आहेत. तिथं माह्यं काय काम? मायले सांगाचं होतं घरी, त्याले चार दिवस लागले." तो थांबला. "आता काम इथं आहे… तू हो म्हनली तर."

आशाबाईनं आतून घाईघाईनं कॅनमधल्या गोड्या पाण्याचा ग्लास आणला. त्यानं तो हात जोडून परत केला. "मावशी, विहिरीचं द्या."

दीपमालानंच भरून दिला आणि पुन्हा ओला दुपट्टा वाळत घालायला घेतला. तो उभ्याउभ्याच प्यायला. मधेच त्याचे डोळे मिटले, कान हलले, पण ग्लास तळापर्यंत गेला.

"कसं आहे?" तिनं विचारलं.

"लय खारं आहे," तो म्हणाला. "खोटं नाही बोलत… अजून एक दे."

दीपमाला खळखळून हसली. ओला दुपट्टा दोन्ही हातांत तसाच राहिला; हात तोंडावर गेलाच नाही.