राजीवच्या घरातला समुद्र

शेवट ओळखून दाखवा, बघू. तुम्ही सगळे शिकलेले, कॉम्प्युटरवाले. मी सही करतो ती पण कशीबशी. तरी पैजेवर सांगतो, आजपर्यंत एकाला जमलं नाय. कोण म्हणतो शॉक लागून मेला असणार, कोण म्हणतो मासा चावला असणार. चुकले सगळे. चहा घ्या, तो दिवा जरा इकडं सरकवा. आन् कुणाला बाथरूमला जायचं असंल तर आत्ताच जाऊन या. नंतर सोबत मागाल, आन् मी काय येणार नाय.

तर अवधूत. पुण्याचा पोरगा. इकडं लंडनजवळ स्लाऊला चौघांच्यात खोली करून राहायचा, रोज ट्रेननं बेसिंगस्टोकला ऑफिसात जायचा. कंपनीनं पाठवलेला, व्हिसा संपत आलेला. पुढं एक्स्टेन्शन द्यायचं का पुण्याला परत धाडायचं, ते मॅनेजरच्या हातात. आन् ह्या शहाण्यानं बायकोला आधीच फोन करून ठेवलेला. "वैभवी, तू रिझाइन कर, तिकीट काढ, इकडचं मी बघतो." तिनं नोकरी सोडली पण, सामान बांधलं पण. आता एक्स्टेन्शन नाय आलं तर दोघं घरी, आन् सासरा रोज जेवताना तोंडाकडं बघणार.

पण अवधूत घाबरायच्या जातीचा नाय. "होऊन जाईल" हा त्याचा जप. ट्रेन चुकली, होऊन जाईल. सर्व्हर पडला, होऊन जाईल. आन् खरं सांगतो, व्हायचं पण.

मॅनेजर होता राजीव. पिनरला त्याचं घर, आन् पुढच्या खोलीत सोफ्याएवढी काचेची पेटी. त्यात समुद्राचं पाणी आन् जिवंत पोवळी. पोवळं म्हंजे तुमच्या अंगठीतलं मंगळाचं नव्हे. ते मेलेलं असतं. जिवंत कोरल वेगळं, खडकावर बसतं, फुलासारखं उमलतं, मिटतं, बोटं हलवल्यासारखं हलतं. पाहुणा आला की राजीव त्याला चहाच्या आधी पेटीपुढं उभा करायचा. "हा फिश टँक नाही बरं का. हा समुद्र आहे. मीठ समुद्राचं, लाटा पंपाच्या, आणि संध्याकाळी निळा लाइट लागतो, तो चंद्र."

हे वाक्य ध्यानात ठेवा. शेवट ओळखायचाय ना?

त्या हिवाळ्यात राजीवचा समुद्र आजारी पडला. कोरल मिटली ती उघडंनात. बुडाकडनं मांस सुटायला लागलं, आतलं पांढरं हाड दिसायला लागलं. खडकावर तपकिरी शेवाळ. राजीवचं ऑफिसात लक्ष लागंना. आन् अवधूत कँटीनमध्ये कधीतरी बोलून गेलेला, पुण्याला मी पण मरीन टँक ठेवायचो.

"शनिवारी येतोस का?" राजीव बोलला. "बघ जरा काय झालंय. ते सॉर्ट आउट झालं, की तुझ्या एक्स्टेन्शनचं पण बसून बोलू."

"होऊन जाईल," अवधूत बोलला.

शनिवारी हा पिनरला पोचला तेव्हा राजीव आन् त्याची बायको मीनल कोट घालून दारातच. हॅरोला कुणाच्या तरी पोराचा बर्थडे.

"आई वर आहेत," मीनल बोलली. "बाबा गेल्यापासून फारशा खाली येत नाहीत. तुला चहा हवा असेल तर केटल तिकडे."

गाडी गेली. घर एकदम गप झालं. पंपाची घुरघुर तेवढी. आन् एक वास. मेलेल्या माशाचा नाय, तो अवधूतला ठाऊक होता. हा वेगळा. ओहोटीला खडक उघडे पडतात, त्यावर ऊन पडतं, तसा. डिसेंबरात, पिनरला.

पेटीशेजारी जुनी आरामखुर्ची होती. खुर्चीखाली पुरुषाचे काळे बूट, पॉलिश केलेले, नाड्या सैल सोडलेल्या. जसं कुणी आत्ता पाय घालणार.

अवधूत बाह्या सरसावून बसला. मीठ मोजलं, बरोबर. पाण्याची ऊब, बरोबर. वीज पाण्यात उतरते का बघितलं, नाय. दिवे नवे, पाण्याचा फिल्टर नवा, मासे पण ठणठणीत. मंग त्यानं नळीत पाणी घेऊन फॉस्फेट तपासायचे थेंब टाकले. चांगल्या पाण्यात नळी पांढरीच राहते. ही निळी झाली. अशी निळी, का शाईची दौत.

"सापडला," अवधूत एकटाच बोलला.

आता फॉस्फेट येतं कुठनं? कुजक्या खाण्यातनं, मेलेल्या जिवातनं. त्यानं पेटीच्या कानाकोपऱ्यात बॅटरी मारली. खुर्चीकडच्या कोपऱ्यात वाळूवर राखाडी गाळ बसलेला, पिठासारखा. मजा म्हंजे पंपाचं तोंड बरोबर तिकडंच. तिथं काय टिकायलाच नको. त्यानं काठीनं गाळ उडवला. पाणी धुरकट झालं. तो बघत बसला. गाळ सगळीकडं फिरला, आन् हळूहळू परत त्याच कोपऱ्यात येऊन बसला. दार उघडायची वाट बघत माणसं बसतात ना, तसा.

बाहेर चार वाजले नाय तर काळोख. तुम्हाला काय सांगायचं इकडचा डिसेंबर. घड्याळाचा खटका पडला, पेटीतले पांढरे दिवे गेले, राजीवचा चंद्र लागला. खोली निळी. अवधूतनं काम करायला पंप बंद केला. घुरघुर थांबली.

आन् कुणीतरी खाकरलं.

दोनदा. म्हातारी माणसं बोलायच्या आधी घसा साफ करतात तसं. जवळच. खुर्चीत म्हणावं तर खुर्ची रिकामी.

"निघायचं का?..."

आवाज पाण्यातनं बुडबुडा फुटावा तसा. अवधूत उठून जिन्याशी गेला.

"काकू, काही म्हणालात?"

"नाही रे," वरनं काकूंचा आवाज आला. "काय झालं?"

"काही नाही. पाइप वाजतायत बहुतेक."

परत आला, तर कोरल उघडलेली. इतके दिवस मुठी आवळून बसलेली, ती सगळी उमलली होती. पंप बंद, पाणी थिजल्यागत. तरी ती सगळी एका बाजूला वाकलेली. खुर्चीकडं.

तुम्ही आन् मी असतो तर सगळं तिथंच टाकून पळालो असतो. अवधूत बोलला, "गुड साइन." हसू नका. आत्मविश्वास हा असाच रोग हाय.

त्यानं ठरवलं, गाळ आन् अर्धं पाणी काढायचं, नवं भरायचं. रबरी नळी एका टोकानं गाळात घातली. शहाणी माणसं पुढं हातपंप लावतात. हा पुण्यात मोटारसायकलचं पेट्रोल काढायचा तसा तोंडानं ओढायचा, आन् त्याचा त्याला अभिमान. "तोंडात एक थेंब जात नाही माझ्या," सांगायचा सगळ्यांना.

नळी तोंडात धरली. ओढलं. पाणी चढत आलं, राखाडी. आन् नेमकं कानापाशी कुणीतरी खाकरलं.

अवधूतनं दचकून आवंढा गिळला.

घोटभर. खारट, कोमट. खोकला, डोळ्यांत पाणी आलं, पण नळी वाहायला लागली होती. बादली भरली. कामाचा माणूस, थांबतो कशाला. बादल्या नेल्या, किचनच्या सिंकमध्ये ओतल्या. कोपरा लख्ख झाला. नवं पाणी भरलं, पंप चालू केला, हात पुसले.

तेव्हा काकू खाली आल्या. मधुमतीकाकू, राजीवची आई. जिन्यात उभ्या राहून पेटीच्या कोपऱ्याकडं बघत राहिल्या.

"तिथलं... कुठं गेलं?"

"काढलं काकू. तोच फॉल्ट होता. घाण साचली होती."

"कुठं टाकलंस?"

"सिंकमध्ये."

"सगळं?"

"हो. सगळं."

काकू पायरीवर बसल्या. 

"घाण नव्हती रे ती," त्या बोलल्या. "आमचे हे होते."

अवधूतला आधी कळलंच नाय.

"गुहागरच्या समुद्रात सोडा, एवढंच मागितलं होतं त्यांनी. राजीव म्हणाला, उन्हाळ्यात नेऊ. मग म्हणाला दिवाळीत. मग प्रोजेक्ट. अस्थींचा कलश गॅरेजमध्ये, गवत कापायच्या मशीनशेजारी. मला बघवेना. आणि हा येईल त्याला सांगतो, हा समुद्रच आहे म्हणून. मग मी म्हटलं, घरात समुद्र असताना माणूस गॅरेजात कशाला?"

हाडाची राख. फॉस्फेटच की ते. अवधूतचं गणित सुटलं, आन् खोटं नाय सांगत, एक क्षण त्याला बरं पण वाटलं. मंग दाताखाली काहीतरी कचकन आलं. बारीक, वाळूसारखं.

"काकू," तो हळू बोलला, "ते... बोलायच्या आधी खाकरायचे का? दोनदा?"

काकूंनी मान वर केली.

"तुला कुणी सांगितलं? शेवटी शेवटी तर सकाळपासून बूट घालून त्या खुर्चीत बसायचे. खाकरायचे आणि म्हणायचे, निघायचं का." त्यांनी पदर तोंडाला लावला. "राजीवला नको सांगूस. त्याला सहन नाही व्हायचं."

नाय सांगितलं त्यानं. पोरगा शब्दाचा पक्का. कोरल बरी झाली, मांस भरलं, रंग आला. राजीव खूश, एक्स्टेन्शनच्या कागदावर सही. अवधूतनं वैभवीला फोन लावला, "बघ, झालं की नाही?"

फक्त स्लाऊच्या घरातली पोरं सांगायची, हा हल्ली घरात बूट काढत नाय. पाण्यात मीठ कुणी टाकलं म्हणून विचारतो. आन् चार वाजता अंधार पडला, की कुठं पण असो, उठून दाराशी जाऊन उभा राहतो.

वैभवीचं विमान आलं. हीथ्रोला ती ट्रॉली ढकलत बाहेर आली, डोळे नवऱ्याला शोधतायत. नवरा समोरच. अंगावर कोट, पायात पॉलिश केलेले काळे बूट. हातात फुलं नव्हती. हातात त्याची स्वतःची बॅग, भरलेली.

तो खाकरला. दोनदा.

"चला," बोलला. "निघायचं ना?"

"कुठं?" वैभवी हसली. तिला वाटलं, चेष्टा करतोय. मंग तिला तो वास आला.

पुढच्याच विमानानं दोघं परत गेली. नोकरी गेली, व्हिसा गेला, तिची नोकरी तर आधीच गेलेली. गुहागरला अवधूत जन्मात गेला नव्हता. स्टँडवर उतरला आन् कुणाला न विचारता गल्लीबोळातनं सरळ समुद्रावर. बुटासकट कमरेएवढ्या पाण्यात शिरला. वैभवी वाळूवर उभी. तिला वाटलं, आता सुटेल. त्यानं ओंजळ भरली, खाकरला, तोंडातलं काहीतरी पाण्यात सोडलं. चेहरा मोकळा झाला. क्षणभर तिचा अवधूत तिच्याकडं बघून हसला.

मंग तो वळला, आन् परत समुद्राकडं तोंड करून उभा राहिला.

घोटभरच आलं होतं ना हो त्याच्याबरोबर. बाकीचं पिनरच्या सिंकमधनं गेलं, कुठल्या समुद्राला कुणाला ठाऊक.

आज पण तिथंच असतो म्हणं. किनाऱ्याजवळ खोली घेतलीय त्यांनी. वैभवी तिथल्या शाळेत शिकवते, दोघांचं भागवते. अंधार पडला की पाण्याशी जाते, त्याचा हात धरून म्हणते, अवधूत, चल ना घरी आता.

तो खाकरतो. दोनदा.

"थांब गं जरा," म्हणतो. "बाकीचा यायचाय अजून."