गट नंबर अठ्ठ्याऐंशी

हैदराबादहून पुठ्ठ्याची नळी आली तेव्हा मी वर्गातून नुकताच परतलो होतो. शिपायाने सवयीने ती माझ्या टेबलावर ठेवली. वर नाव मात्र उद्धवचं होतं.

मी परभणीच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवत होतो. १९९० चा फेब्रुवारी चालू होता. उद्धव माझा विद्यार्थी, आणि चार वर्षांपासून माझ्याच विभागात माझा सहकारी. नकाशावरची उंचीची रेघ बोटाने कशी वाचायची, हे त्याला मी शिकवलं होतं. उपग्रहाची चित्रं वाचण्याच्या प्रशिक्षणासाठी डेहराडूनला एकाच माणसाला जायचं होतं. अर्ज आम्ही दोघांनी केले आणि तो गेला. परत आल्यावर त्याने मला वाकून नमस्कार केला. तो नमस्कार मला जास्त लागला.

"उद्धव किती छान समजावून सांगतो हो," सुमंगला, माझी बायको, एकदा म्हणाली. तो आमच्याकडे जेवायला आला होता आणि उपग्रह एकाच जागेवरून बावीस दिवसांनी पुन्हा कसा जातो, हे ताटाभोवती वाटी फिरवून सांगत होता. बारा वर्षं मी तिला अशाच गोष्टी सांगत आलो होतो. तेव्हा ती भाजी निवडत असायची.

नळीतली चित्रं निळटाकळीच्या कामाची होती. निळटाकळी सोनपेठच्या पुढे, कालव्याच्या अगदी शेपटाला. कालवा खणून आठ वर्षं झाली होती, पाणी एकदाही पोचलं नव्हतं. कालव्याच्या ऑफिसातल्या नोंदवहीत मात्र दर हिवाळ्याला तिथली तीनशे एकर भिजत होती. गावाच्या वतीने लिंबाजी नावाचे शेतकरी फिरत होते. शिवारात सापडतो तसला कोरडा, टणक माणूस. त्यांनी अर्ज करून नोंदवहीची नक्कल मिळवली आणि ती घेऊन आमच्या विभागात आले.

"आमी बोंबलून सांगायलोय, कुणी ऐकना," ते म्हणाले. "आभाळातून फोटू निघतो म्हनं. तो तरी खरं बोलंल."

नोंदवहीतला एकेक गट आणि वरून काढलेलं चित्र एकमेकांवर ठेवायचं, ही कल्पना उद्धवची. कल्पना इतकी सोपी होती की मला का सुचली नाही, याचाच मला राग येत होता.

आम्ही जुन्या टेबलाला काच बसवून खाली ट्यूबलाइट लावली होती. त्यावर चित्र पसरलं. उपग्रहाच्या त्या चित्रात उभं पीक लाल दिसतं, कोरडी जमीन राखाडी. कालव्याच्या तोंडाशी लालच लाल होतं. शेपटाकडे येईपर्यंत लाल विरत गेलं आणि निळटाकळीत सगळी राख होती. तो भाग मी स्वतः भिंग लावून दोन दिवस तपासला. कुठेही काही नाही, असं लिहून सही केली.

दुसऱ्या दिवशी उद्धव म्हणाला, "सर, हे बघितलंत का?"

त्याने पेन्सिलीने एक बारीक वर्तुळ काढलं होतं. "ज्वारीच्या दाण्याएवढं आहे. पण लालभडक. गट नंबर अठ्ठ्याऐंशी. चार एकर असेल. डिसेंबरच्या चित्रात आहे आणि जानेवारीच्या पण. गहू वाटतोय."

मी भिंग लावलं. वर्तुळाच्या आत राखाडी होतं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. राखाडीच.

"हो," मी म्हणालो. "दिसतंय."

का म्हणालो? समोर दोन विद्यार्थिनी उभ्या होत्या. त्यांनीही वाकून पाहिलं होतं आणि "अय्या, हो" म्हणाल्या होत्या.

"सात-बाऱ्यावर पड लिहिलंय," उद्धव म्हणाला. "बहुतेक विहीर असेल. रविवारी जाऊन बघावं लागंल. हे लपवलं तर बाकीच्या कशावर कोण विश्वास ठेवील?"

मी शुक्रवारीच गेलो, एकटा. सुमंगलाला सांगितलं, गंगाखेडला पेपर तपासायला चाललोय. सोनपेठच्या बसने फाट्यावर उतरलो आणि कोरड्या कालव्याच्या तळातूनच चालत गेलो. तळाला तडे होते आणि तड्यांत गेल्या वर्षीचं गवत वाळून उभं होतं. नकाशा माझ्याइतका कुणाला वाचता येत नाही. चुकायचा प्रश्नच नव्हता.

अठ्ठ्याऐंशी नंबरला मी पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. बांधावर एक बोरीचं झाड, एक बाभूळ. आत काळी भेगाळलेली जमीन, बांधापासून बांधापर्यंत. काडीसुद्धा नव्हती.

मला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. मी त्या जमिनीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो, नुसता आनंदाने. उद्धव चुकला होता. त्याला नसलेलं दिसत होतं आणि लोक माना डोलवत होते. चालताना एवढंच जाणवलं की ऊन चढलेलं असूनही पायांना गार लागत होतं. वारा पडलेला होता, तरी कानाशी बारीक सळसळ होती. बाभळीची असेल.

परत फिरलो तर बांधावर एक म्हातारी उभी होती. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, कपाळ मोकळं.

"कुणाचं हो तुमी?" तिने विचारलं.

मी नाव सांगितलं, काम सांगितलं. ती धुरपताबाई. शेत आता तिचंच होतं.

"तुमी पेरलंय का इथं काही?"

"म्या? बावीस वर्सं नांगर घातला न्हाई." मग ती म्हणाली, "का हो? फोटूत काय दिसतंय?"

पिशवीतून चित्र काढून मी तिला वर्तुळ दाखवलं. तिने ते उन्हात धरलं, डोळ्यांजवळ नेलं.

"मला न्हाई दिसत."

"मलाही नाही," मी म्हणालो आणि दोघंही हसलो. आठवड्यात पहिल्यांदाच कुणाशी तरी माझं मत जुळत होतं.

"पर कुणाला तरी दिसलंच की. त्याबिगर तुमी आला नसता."

"आहे एक जण."

"लय हुशार हाय का?"

मी तिच्या हातातलं चित्र घेऊन पिशवीत घातलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, सावकाश, बाजारात जनावर पाहावं तसं. मग बांधावर बसून आपणहूनच सांगू लागली. नवऱ्याने दोघींना चार-चार एकर दिली होती. पलीकडची धुरपताबाईची, ही सवतीची. सवतीचं नाव मनकर्णा.

"एकच बी, एकच बैल. माझं हातभर यायचं, तिचं छातीला लागायचं. ती मला म्हनायची, अक्का, तुमी घ्या ह्यातलं. लय गोड बोलायची. तेच खुपायचं मला." तिने हातात रुतलेला बोरीचा काटा काढला. "घरधनी गेला. मग तीबी गेली."

"कुठे?"

"गेली," ती म्हणाली. आणि उठता उठता विचारलं, "त्या मास्तरला ओंब्या धरलेल्या दिसल्या का हो?"

संध्याकाळी घरी आलो. मोजे धुवायला घेताना सुमंगला म्हणाली, "अहो, गंगाखेडला गव्हातून फिरलात की काय? केवढी कुसळं रुतलीत."

गवताची असतील, असं मी म्हणालो. ती सेलूकडच्या शेतकऱ्याची मुलगी. तिने एक कुसळ चिमटीत घेऊन माझ्यासमोर धरलं आणि खिडकीतून टाकून दिलं.

शनिवारी मी उद्धवला सांगितलं, "अठ्ठ्याऐंशी नंबर बघून आलो. गहू आहे. चार एकर. विहिरीवर केलाय."

विहीर मी जागच्या जागी रचली. त्याच्याच तोंडून आलेला शब्द होता, त्याला खरा वाटेल म्हणून.

"तुमी एकटेच गेलात? सांगायचं की सर." त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. "तुमी बघितलं म्हणजे झालं. आता मी कशाला जातो?"

त्याने अहवालात ते लिहिलं. मी वाचलं. लिंबाजींची तीनशे एकर त्या एका ओळीवर टेकली आहे, हे मला कळत होतं. साहेब लोक तिथे जातील, पड जमीन बघतील, मग सगळंच खोटं ठरेल. पण अहवालावर पहिलं नाव उद्धवचं होतं. दुसरं माझं होतं, ते मी काढून टाकायला सांगितलं. "सगळं श्रेय तुझंच," मी म्हणालो. त्याला तो माझा मोठेपणा वाटला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सोनपेठला सुनावणी झाली. नामांतराच्या घोषणा रंगवलेल्या भिंतीच्या सावलीत निळटाकळीची माणसं सकाळपासून बसून होती. कालव्याचे साहेब हुशार निघाले. त्यांनी तीच ओळ पकडली.

"गट अठ्ठ्याऐंशीला आमची नोंद म्हणते पड. तलाठ्याची नोंद म्हणते पड. तुमचा उपग्रह म्हणतो गहू. चला, बघूनच येऊ. तिथं गहू नसला तर ही चित्रं घरी भिंतीला लावा."

लिंबाजींचा चेहरा उतरला. "ते म्हातारीचं रान. तिकडं आमी फिरकत न्हाई, मास्तर," ते उद्धवला म्हणाले.

"सरांनी बघितलंय," उद्धव म्हणाला.

दोन जीपमधून आम्ही गेलो. मी मागच्या जीपमध्ये होतो. आत कुठेतरी बारीक सुख होतं.

बोर दिसली. बाभूळ दिसली. मागे तीच काळी, भेगाळलेली जमीन.

साहेब पुढच्या जीपमधून उतरले आणि बांधावर थांबले.

"काय गहू आहे हो," ते म्हणाले.

मला वाटलं, टोमणा आहे.

लिंबाजींनी टोपी काढली होती. उद्धव हात थोडे उचलून आत शिरला, उभ्या पिकात माणूस शिरतो तसा. काहीतरी दोन्ही तळव्यांनी बाजूला सारत तो पुढे गेला. त्याने हवेतून काही खुडलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारली आणि तोंडात टाकलं. त्याचा जबडा हलत होता.

"सर, या की!" तो ओरडला.

मी बांधावरून हललो नाही.

"विहीर कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"ती काय," उद्धव म्हणाला.

शेताच्या मधोमध, सपाट भुईवर, ते तिघं गोल उभे राहिले. साहेब गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकले. त्यांनी एक ढेकूळ उचललं आणि सोडून दिलं.

ढेकूळ भुईवर पडलेलं मला दिसलं नाही.

खूप वेळाने, खूप खालून, पाण्याचा आवाज मात्र आला.

माझ्या शेजारी कुणीतरी श्वास घेत होतं. धुरपताबाई.

"तुमाला बी न्हाई दिसत ना अजून?"

मी मान हलवली.

"समदं गाव म्हनतं, गहू हाय. दरसाल म्हनत्यात. कुणी कापाय धजत न्हाई, पाखरं खात्यात. मला एक काडी दिसली न्हाई, बावीस वर्सं." तिचा हात माझ्या बाहीवर आला. "पर विहीर कशी हाय तिथं?"

"का?"

"ती तर म्या बुजवली हुती. मनकर्णा गेली त्याच रातीला."

पाणी एप्रिलमध्ये निळटाकळीला पोचलं. लिंबाजींनी उद्धवला खांद्यावर घेतलं, असं मी ऐकलं. मी गेलो नव्हतो. धुरपताबाईने सांगितलेलं मी कुणालाही सांगितलं नाही. सांगायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं, की मला तिथे काय दिसलं नाही.

त्यानंतरचे महिने बरे गेले. मी वर्ग घेत होतो, पेपर तपासत होतो. उद्धवला हैदराबादहून बोलावणं आलं, मी त्याचं अभिनंदन केलं.

दिवाळीनंतर त्याच्याकडे बारसं होतं. हेमाला, त्याच्या बायकोला, पहिला मुलगा झाला होता. आम्हाला मूल नाही. सुमंगलाने जायची तयारी आठ दिवस आधीपासून चालवली होती, स्वतःच्या हाताने झबलं शिवलं होतं.

खोलीत बायकांची गर्दी होती. पाळण्याला शेवंतीच्या माळा होत्या. गर्दीतून वाट काढून मी पाळण्याशी गेलो आणि वाकलो.

आत मऊ दुपटं होतं. लहान उशीला मधोमध खळगा होता.

"कसा टकामका बघायलाय," कुणीतरी म्हणालं.

सुमंगलाने पाळण्यात हात घातले आणि छातीशी काहीतरी धरलं. तिने शिवलेलं झबलं तिच्या दंडापाशी फुगलं होतं, आणि झबल्याच्या गळ्यावर काही नव्हतं. असा उजळलेला तिचा चेहरा मी लग्नातही पाहिला नव्हता.

"सर, घ्या ना जरा," उद्धव म्हणाला. "नाव तुमीच ठेवायचं."

मी हात पुढे केले. त्यांत वजन आलं, ऊब आली, दुधाचा वास आला. मी आपल्या तळव्यांकडे पाहत राहिलो.

मग कुणीतरी माझं बोट घट्ट धरलं.