बुजवलेला झरोका

त्या दिवशी ऊन होतं, पण चटका नव्हता. वैशाख उतरणीला लागला होता. दुपारभर आभाळात पिंजलेल्या कापसासारखे ढग येऊन जात होते, आणि उन्हं कलली तसा धरणाच्या अंगानं वारा सुटला. मखमलाबादच्या मळ्यांत हा वारा पिढ्यान्‌पिढ्या येतो. त्याच्याच भरवशावर गोटीरामबाबांनी जन्मभर तोडलेली शेवंती मागच्या खोलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवली, आणि सकाळी बाजारात गोणपाट उघडावं तर फूल आत्ताच खुडल्यासारखं. त्या खोलीला खिडकी नव्हती. मागच्या भिंतीत, छताच्या खाली, एक झरोका तेवढा होता. वारा आत यायचा तो तिथून.

आता त्याच झरोक्याच्या शेजारी एसी बसत होता.

बाबांची नात दिशा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. दवाखान्यातून मायलेकी घरी आल्या, मागच्या खोलीत त्यांचं अंथरूण पडलं, आणि दिशाच्या बापानं, कारभारीनं, हट्टच धरला की माझ्या लेकीला उकडता कामा नये. नाशकात कशाला एसी, असं बाबांना वाटे. पण हेही खरं होतं की आजूबाजूचे मळे जाऊन बंगले झाले होते, प्रत्येक बंगल्याच्या पाठीवर पेट्या लागल्या होत्या, आणि त्या पेट्यांचा कढत श्वास बाबांच्याच अंगणात येऊन पडे. गारवा त्यांना, झळ यांना.

"मशीनचे पैसे दिले की सुटलो ना आपण?" बाबांनी विचारलं.

एसी बसवणारा कुंदन भिंतीला भोक पाडता पाडता हसला. "नाय बाबा. तांब्याचा पाइप वेगळा, बाहेरचा स्टँड वेगळा, स्टॅबिलायझर वेगळा. मीटरचा लोड वाढवावा लागंल, ते अजून वेगळंच."

"म्हणजे चार आण्याची कोंबडी अन्‌ बारा आण्याचा मसाला."

"कोंबडी तरी कुठं चार आण्याची राहिली बाबा?" कुंदननं हातातल्या पान्यानं झरोका दाखवला. "अन्‌ हे बुजवा. गार हवा सगळी इथून पळंल."

कारभारीनं थर्माकोलचा तुकडा कापला, झरोक्यात दाबून बसवला, वरून चिकटपट्टी मारली. दाराच्या फटीलाही जुनी गोधडी लावली.

बाबांची बायको नवसाबाई उंबऱ्यात उभी राहून बघत होती. "आज पाचवी हाय पोरीची," ती म्हणाली. "सटवाई कपाळावर लिहायला यायची, अन्‌ तू घर बुजवून ठेवतो. तिला वाट नको का?"

"देवीला काय वाट लागती का आई? भिंतीतून येईल ती."

"तुझे सोयरे आले तर त्यांनाबी सांगशील व्हय रे, भिंतीतून या म्हणून?"

सगळे हसले. नवसाबाई हसली नाही.

दिवेलागणीला पूजा झाली. पाटा मांडला, हळदकुंकू वाहिलं, दिवा लावला. शेजारच्या बंगल्यातल्या सुधाताई आपल्या नातीला, सृष्टीला, घेऊन आल्या होत्या. सृष्टी तीन वर्षांची. ही पोर रडलेली, हट्ट केलेली, ठेच लागून कळवळलेली आळीत कुणी पाहिली नव्हती. फार गुणाची पोर, असं सगळे म्हणत. ती आजीच्या पदराला धरून उभी राही आणि समोरच्या माणसाकडे कोऱ्या पाटीसारखी बघत राही.

"एसी घेतलात ते बरं केलंत हो," सुधाताई दिशाला म्हणाल्या. "आमच्या सृष्टीच्या वेळी आम्हीही बसवला होता. बाळ कसं शांत निजतं." बोलता बोलता त्यांची नजर वर थर्माकोलवर गेली आणि त्यांनी सृष्टीचा हात घट्ट धरला. प्रसाद न घेताच घरी गेल्या.

मग पाहुण्यांची पंगत पुढच्या अंगणात बसली. दिशा दमून बाळाशेजारी झोपली होती. पाचवीचा दिवा विझू द्यायचा नसतो, म्हणून बाबा भिंतीला टेकून दिव्यापाशी बसले. कारभारीनं एसी लावला, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं, फटीत गोधडी सारली.

बाहेरच्या गलक्याचा आवाज एकदम बुडाला. राहिली ती पेटीची घरघर. वरून गार झोत पडत होता आणि दिव्याची ज्योत एका अंगाला लवत होती. बाबांनी दोन्ही हातांचा आडोसा केला. खोलीत फुलांचा वास नव्हता, हळदीचा नव्हता, माणसाचाही नव्हता. नुसता नव्या प्लॅस्टिकचा वास.

किती वेळ गेला कोण जाणे. मागच्या भिंतीवर काहीतरी घासल्यासारखं झालं.

मांजर असेल, बाबांना वाटलं. पण मांजर असं चालत नाही. बाहेरच्या बाजूनं भिंतीवर तळहात ठेवून कुणीतरी हळूहळू पुढं सरकत होतं, आणि तळहाताबरोबर बांगड्या विटांवर खरडत होत्या. खर्र... खर्र... कोपऱ्यापर्यंत गेल्या. थांबल्या. परत फिरल्या. आंधळं माणूस दार चाचपतं तसं.

बाबांनी भिंतीकडं तोंड केलं. "कोण हाय...?"

बांगड्या तेवढ्या थांबल्या.

त्यांनी बाळाच्या कपाळाला हात लावला. कपाळ माठाच्या बुडासारखं गार होतं. हात गार, पाय गार. ओठांवर निळी झाक. छाती हलतेय की नाही, ते दिव्याच्या उजेडात कळेना.

"दिशा... ए दिशा... ऊठ बाई..."

दिशा हलली नाही. बाबांनी रिमोट उचलला. अक्षरओळख नसलेल्या माणसाला सगळी बटणं सारखीच. एक दाबलं, पेटी पीं करून बोलली आणि झोत आणखी जोरात आला. ज्योत बसली. वातीच्या टोकावर निळा मणी तेवढा उरला.

त्यांनी दार ओढलं. गोधडी दाराखाली अशी घट्ट आवळली होती की दार जागचं हलेना. हाका मारल्या, पण अंगणात हशा पिकला होता.

आणि मग वर, झरोक्यापाशी, थर्माकोल करकरला. बाहेरून कुणीतरी बोटं टेकून दाबावं तसा तो आतल्या बाजूला फुगला... परत बसला... परत फुगला.

सटवाई. घ्यायला आली का द्यायला आली, कुणाला ठाऊक. ती दोन्ही करते, हे बाबांनी लहानपणापासून ऐकलं होतं. झरोका उघडावा, तर ती आत येणार. न उघडावा, तर ही पोर अशीच, कोऱ्या कपाळाची, गार होत जाणार.

बाबांनी कोपऱ्यातली फुलांची दुरडी पालथी घातली, तिच्यावर चढले, आणि नखांनी चिकटपट्टी ओरबाडली. "ये बाई," ते पुटपुटले. "चुकलं आमचं. ये आत."

थर्माकोल खाली पडला. वारा आत आला. धरणाकडचा, ओल्या मातीचा, आणि त्यात या दिवसांत कुठंच नसणाऱ्या शेवंतीचा वास. त्या वाऱ्यानं दिवा जायला हवा होता. निळा मणी उलट पिवळा झाला, वर उठला, आणि ज्योत सरळ, न हलता उभी राहिली. एसी एक उसासा टाकून गप्प झाला.

बाबा खाली उतरले आणि भिंतीला चिकटले. बाळाशेजारी गादीची कड दबली. कुणी बसल्यावर दबते तशी. वाळल्या पानावर काटा ओढावा तसा बारीक आवाज येत राहिला. बाबांनी हात जोडले, डोळे मिटून घेतले.

गादीची कड परत वर आली, आणि बाळ शिंकलं. मग रडलं. असं टाहो फोडून रडलं की दिशा दचकून उठली, पंगत अर्धी उठली, आणि कारभारीनं दार खांद्यानं लोटून उघडलं. दिशानं बाळाला छातीशी घेतलं. बाळ चुरूचुरू प्यायला लागलं. बाबांनी त्याच्या तळपायाला हात लावून पाहिला. ऊबदार होता. मग मात्र ते तिथंच खाली बसून लहान पोरासारखे रडले.

सकाळी डॉक्टरांनी बाळ तपासलं. बाळ ठणठणीत आहे, एवढ्या गारठ्यात निजवू नका, म्हणून कारभारीची हजेरी घेतली. कुंदन येऊन पेटी उघडून बघून गेला. त्यात काही बिघाड नव्हता. पण कारभारीनं ती परत लावली नाही. आता तिच्यावर बाळाची दुपटी वाळत असतात, आणि नवसाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की दुपटी वाळवायची एवढी महागाची दांडी नाशकात दुसऱ्या कुणाकडं नाय. झरोका उघडा. उन्हं कलली की वारा येतो. बाळ रडतं, हसतं, नाकी नऊ आणतं. बाबा त्याच्या रडण्याकडं भजन ऐकावं तसे कान लावून बसतात.

त्या सकाळी, डॉक्टरांकडून परत आल्यावर, बाबा मागच्या अंगणात झरोक्याखालची भिंत बघत होते. विटांवर हळदीचे बारीक ओरखडे होते. ते आपल्या भिंतीपाशी थांबत नव्हते. कुंपणाच्या पलीकडं, सुधाताईंच्या बंगल्याच्या भिंतीवरही तसेच ओरखडे होते. पण ते जुने, पावसांनी फिके झालेले, आणि बंगल्याला चहूबाजूंनी वेढा घालून गेलेले.

कुंपणापाशी सुधाताई सृष्टीचा हात धरून उभ्या होत्या. रात्रभर जागल्यासारखे त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी बाबांकडं पाहिलं, झरोक्याकडं पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, आज रात्री हिला तुमच्या त्या खोलीत निजवाल का? हिच्या पाचवीला आमच्याकडे सगळं बंद होतं."