मोकळ्या जागेचा नकाशा

"पकडा जी!"

वरून आवाज आला आणि पाठोपाठ लाल फडक्यात बांधलेलं गाठोडंही. मयुरानं कसेबसे हात पुढे केले. गाठोडं तान्ह्या बाळासारखं छातीशी येऊन बसलं आणि त्यातली धूळ तिच्या पापण्यांवर, केसांत, इस्त्री केलेल्या पिवळ्या कुर्त्यावर अलगद उतरली.

लोखंडी शिडीवरून एक चेहरा खाली वाकला... आणि पार गोरामोरा झाला.

"अरे बाप्पा! मले वाटलं, ओमप्रकाशभाऊ आहे."

"मी ओमप्रकाशभाऊ दिसून राहिली का तुम्हाले?" ती शिंकत म्हणाली.

"नाही जी, तो शिपाई आहे आमचा. त्याले मिशा आहेत."

"उपकार झाले!"

तो हसला. शिडी उतरताना एक पायरी चुकला, आणि मग तीही हसली.

त्या सरकारी कार्यालयात दर सोमवारी दुपारी जुन्या दप्तराची खोली लोकांसाठी उघडी असायची. कुणीही यावं, हवा तो कागद मागावा, समोर बसून वाचावा. तसा फलकच होता बाहेर. पण येतं कोण! म्हणून तर तिथला तरुण लिपिक अश्विन झाडे सोमवारी बिनधास्त धूळ झटकत बसायचा.

मयुरा मात्र मुद्दाम आली होती. हुडकेश्वरला तिच्या लेआउटच्या, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीच्या, मधोमध एक मोकळी जागा होती. संध्याकाळी तिथं बाया फिरत, पोरं क्रिकेट खेळत आणि स्कूटी शिकणारी वस्तीतली प्रत्येक पोरगी पहिल्यांदा तिथंच पडत असे. आता कुणी एक माणूस म्हणू लागला होता, ही जागा माझी. मंजूर नकाशा हाती आला तर त्याचं तोंड बंद होणार होतं. वस्तीच्या समितीच्या कुसुमताईंनी हे काम मयुरावर टाकलं, कारण वाडी भागातल्या ज्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात ती कामाला होती, तिथं सुट्टी सोमवारची.

"नकाशा कोन्या सालचा?" अश्विननं विचारलं.

"साल माहीत असतं तर इतकी धूळ काहून खाल्ली असती मी?"

"मग सगळेच गाठोडे सोडा लागतील." त्यानं तिच्या हातातलं पेन हळूच काढून घेतलं आणि आपली पेन्सिल ठेवली. "इथं पेन चालत नाही. कागदावर डाग पडते."

पेन्सिलीला ताजं टोक होतं. पुढच्या सोमवारीही होतं. आणि त्याच्या पुढच्याही.

दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसत. पंखा फिरला की कागद उडू बघत, मग एका कोपऱ्यावर तिचा हात, दुसऱ्यावर त्याचा. मधे कुणाच्या तरी नळाचा, कुणाच्या तरी भिंतीचा जुना अर्ज...

"हे पाहा," तो एकदा म्हणाला, "शेजाऱ्याची बकरी भाजी खाते म्हणून तक्रार केली बाईनं."

"मग? बकरी आली का सुनावणीले?"

"आली नसंल. नोटीसही खाल्ली असंल तिनं."

ती इतकी हसली की दारातून ओमप्रकाशभाऊंनी मिशीसकट डोकावून पाहिलं.

मंगळवार आला की मयुराचं मन थाऱ्यावर नसे. वाडीच्या गोदामासमोर ट्रक लागत, ट्रक सुटत, आणि ही मालाच्या एकाच बिल्टीवर, पावतीवर, दोनदा शिक्का मारून बसलेली. जेवायला बसावं तर भूक नाही, उठावं तर पोट भरलेलं नाही. रविवारी मात्र ती तीन कुर्ते काढी आणि तिन्ही परत ठेवी.

मग तो सोमवार आला. बाहेर आभाळ भरून आलं आणि भर दुपारी पाऊस असा कोसळला की लाईटच गेली. खिडकी फटकन उघडली. अश्विन ती लावायला धावला. तेवढ्या अंधुक उजेडात मयुरानं पान उलटलं, आणि समोर नकाशा. तिचाच लेआउट! मधोमध हिरव्या रंगानं भरलेला तुकडा, त्यावर टपोऱ्या अक्षरांत लिहिलेलं – सार्वजनिक वापरासाठी मोकळी जागा.

तिचं बोट हिरव्यावर थांबलं. आता ओरडायचं. हसायचं. प्रत मागायची आणि... आणि मग पुढच्या सोमवारी कुठं जायचं?

अश्विन वळला. भिजलेली बाही कोपरापर्यंत सारत म्हणाला, "काही... भेटलं का?"

"नाही," ती म्हणाली, आणि पान उलटलं.

त्याची नजर त्या उलटलेल्या पानावर गेली. नुसता बघत राहिला, जरासा जास्तच वेळ.

"अजून नाही भेटला का वं?" संध्याकाळी कुसुमताईंनी विचारलं. "किती जुनं दप्तर आहे त्यांचं?"

"शोधून राहिली ना, ताई," मयुरा म्हणाली. ते खोटं रात्रभर तिच्या उशीखाली खड्यासारखं टोचत राहिलं. तरी पुढच्या सोमवारीही ती प्रत न मागताच परतली.

शनिवारी ती वाडीहून परतली, तर मैदानात लोखंडी खांबांचा ट्रक उभा. जागा माझी म्हणणाऱ्यानं कुंपणासाठी खड्डे खोदणं सुरू केलेलं. कुसुमताई कमरेवर हात देऊन ठेकेदाराच्या माणसासमोर उभ्या होत्या.

"कोणाले विचारून खोदून राहिले तुम्ही?"

"तुमच्याकडे कागद आहे का, मावशी? असंल तर दाखवा, काम बंद करतो."

सगळ्यांनी मयुराकडे पाहिलं. रागानं नाही, आशेनं. त्या नजरा तिला सोसवेनात.

सोमवारी ती खोली उघडायच्या आधीच दारात उभी होती.

"मले त्या नकाशाची सही-शिक्क्याची प्रत पाहिजे. आत्ता!" ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "मले भेटला होता तो. पाऊस आला त्या दिवशीच. मी... खोटं बोलली."

अश्विननं टेबलाचा खण ओढला. प्रत तयार होती. सही, शिक्का, तारीख, सगळं.

"तुमचं बोट थांबलं होतं तिथं," तो हळूच म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी साहेबांची सही घेऊन ठेवली."

"मग दिली काहून नाही?"

"तुम्ही मागितलीच नाही. मी म्हटलं... मागतील तेव्हा देऊ. दिली की तुम्ही येणं बंद."

"तिकडं खड्डे खोदून राहिले लोक, आणि आपण इथं—"

'आपण' हा शब्द दोघांच्या मधे तसाच राहिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. राग त्याचा होता की स्वतःचा, तिलाच कळेना. प्रत घेऊन ती निघाली. मागं वळून पाहिलं नाही... पाहिलं असतं तर पाय निघाला नसता.

कागद पाहून ठेकेदाराच्या माणसानं दोन-तीन फोन लावले आणि खांब मुकाट्यानं ट्रकमधे चढवले. पोरांनी नाचून गोंधळ घातला. बाया मयुराचं कौतुक करू लागल्या, आणि तिला ते ऐकवेना. तिनं कुसुमताईंना बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. पेन्सिल, पाऊस, उलटलेलं पान, सगळंच.

कुसुमताईंनी एकदा खड्ड्यांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"म्हणजे तुझ्या सोमवारापायी मैदान जात होतं आमचं!"

"चुकलं माझं, ताई."

"चुकलंच! भरा आता ते खड्डे दोघं मिळून," त्या फणकारल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "नोकरी पक्की आहे का त्याची?"

पुढचा सोमवार मयुरानं घरात येरझारा घालून काढला. चपला घातल्या, काढल्या. आता कोणता कागद मागायचा? कोणत्या तोंडानं?

रविवारी संध्याकाळी मैदानात बाया फिरत होत्या, त्यांच्यात मयुराही होती. कडेला एक मोटरसायकल थांबली. अश्विन उतरला. हातात ना फाईल, ना पिशवी. नुसतं हेल्मेट, आणि तेही कुठं ठेवावं ते त्याला सुचेना. बायांचा घोळका थबकला.

"कोण जी तुम्ही?" कुसुमताईंनी आवाज चढवला. "मोजणी आहे का? काय काम आहे?"

त्यानं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. मयुराला दिसत होतं, तो एखादा बहाणा शोधतो आहे. तिच्या स्वतःच्या जिभेवरही एक तयार होता... नकाशातलं माप बघायला आलेत म्हणून. तो तिनं गिळून टाकला.

"ते माझ्याकडे आले, ताई," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "काम काही नाही त्यांचं."

कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेल्या अश्विनच्या हातातून तिनं हेल्मेट घेतलं, आपल्या कोपरात अडकवलं, आणि वस्तीदेखत त्याच्या शेजारी चालू लागली.