अकरा नंबरची माती

रविवारी सकाळी आईच्या गुडघ्यांचे पट्टे घेऊन तो बहिणीकडे निघाला, तेव्हा डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. आधीचे पट्टे आईला घट्ट होतात, असं बहिणीने फोनवर सांगितलं होतं. दुकानदाराने कुरकुर करत मोठं माप शोधून दिलं होतं. पट्टे द्यायचे, चहा घ्यायचा, परत यायचं, एवढंच काम.

तो माती तपासणारा. इमारत उभी राहण्याआधी जमिनीत भोकं पाडायची, नमुने काढायचे, प्रयोगशाळेत धाडायचे आणि शेवटी अहवालावर सही ठोकायची, हे त्याने अठ्ठावीस वर्षं केलं होतं. प्रयोगशाळेच्या आधी त्याचं नाक निकाल द्यायचं. चिमूटभर माती हुंगून तो सांगे, इथे कधीकाळी तेल सांडलंय, इथे तेजाब. ऑफिसात त्याला सगळे नाकसाहेब म्हणत. नाकाने कांदे सोलतो असंही म्हणत, पण ते पाठीमागे.

बहिणीची वसाहत उभी होती एका जुन्या सरसाच्या कारखान्यावर. कारखान्याला लागून लष्कराचा तळ होता. तिथली थकलेली घोडी आणि खेचरं मागच्या फाटकातून कारखान्यात यायची. हाडं-कातडी उकळून त्यांचा चिकटवायचा सरस व्हायचा, चरबीचा साबण. तळ उठला, कारखाना बंद पडला, चाळीस वर्षं तिथे नुसतं गवत माजलं. मग बिल्डर आला, आणि त्याच्याबरोबर आराखडा काढणारी बाई आली. बाई मनाची चांगली, झाडांवर जीव टाकणारी. आवाराच्या मधोमध एक हिरवीगार टेकडी होती, वर जुनी झाडं. बाईने ठरवून टाकलं की टेकडीला कुणी हात लावायचा नाही. घरं तिच्याभोवती कोंडाळं करून बसतील आणि प्रत्येक गॅलरीतून ती दिसेल. जाहिरातीत तर टेकडीचंच चित्र होतं, वर एक फुलपाखरूसुद्धा.

तिथली माती तपासायचं काम त्याच्याकडेच आलं. भोकं पाडायच्या चोवीस जागा नकाशावर ठरल्या होत्या. त्यातली अकरावी नेमकी टेकडीच्या माथ्यावर आली.

"मुळं दुखावतील हो," बाई म्हणाली होती. "जरा सरकवा ना."

त्याने सरकवली. त्यात काही वावगं नव्हतं. मध्ये नळ आला, खांब आला, तर या धंद्यात सगळेच जागा सरकवतात. फक्त सरकवली की कागदावर तसं लिहायचं असतं. ते त्याने लिहिलं नाही. नकाशा पुन्हा काढायचा कंटाळा, दुसरं काही नाही. पायथ्याची माती स्वच्छ निघाली आणि अहवालात टेकडीही स्वच्छ होऊन गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्याच सुमारास शाळेत शिकवणाऱ्या धाकट्या बहिणीने त्याला विचारलं होतं, "दादा, आईला घेऊन तिथे राहायला जाऊ ना?"

"डोळे मिटून जा," तो म्हणाला होता.

महिनाभर तो बाहेरगावच्या कामावर होता, त्यामुळे इकडे फिरकलाच नव्हता. आज जिन्याच्या कठड्याला हात लागला आणि तो जरासा चिकटला. दाराच्या मुठीलाही तेच. त्याने हात रुमालाला पुसला. रुमालावर पिवळट डाग उमटला.

दार उघडणाऱ्या बहिणीचे डोळे खोल गेले होते. आत फिनेलचा भपका होता. पण त्याच्या नाकाला फिनेल काय फसवणार! फिनेलच्या खाली दुसरा वास होता. चरबी उकळावी, गार होऊ द्यावी, तिच्यावर साय धरू द्यावी आणि पुन्हा उकळावी, तसा. गोडसर, जाड, घशात बसून राहणारा. दिव्यांच्या बटणांभोवती पिवळी वर्तुळं धरली होती. बहिणीने पाणी दिलं. पेला तोंडाला लावला तर ओठ काचेवरून सरकला. त्याने पेला तसाच खाली ठेवला.

आई गॅलरीत, टेकडीकडे तोंड करून बसली होती.

महिन्यापूर्वीपर्यंत काठीसारखी वाळलेली त्याची आई. गालफडं बसलेली, हाताच्या शिरा मोजून घ्याव्यात अशी. आता खुर्चीत एक गुबगुबीत, गुळगुळीत बाई बसली होती. कपाळावर एक सुरकुती नाही. हनुवटीखाली मऊ वळी, आणि त्यांच्यावर चकाकी.

"आई, पट्टे आणलेत."

"आता कशाला रे... दुखतच नाही काही." तिने त्याचा गाल कुरवाळला. बोटं कोमट होती, आणि त्यांच्यात हाडं असल्यासारखं वाटलंच नाही. त्याला शिसारी आली. स्वतःच्या आईची शिसारी. त्याची त्याला एवढी लाज वाटली की तो मान न हलवता तसाच उभा राहिला. मग स्वयंपाकघरात जाऊन त्याने तीनदा साबण लावून तोंड धुतलं. गाल तरी बुळबुळीतच.

मागून बहीण आली. "तुलाही येतो ना वास?" ती कुजबुजली. "सगळे म्हणतात नव्या रंगाचा आहे..."

"आई जेवते काय?"

"काही नाही." तिने गॅलरीकडे पाहिलं. "पंधरा दिवस झाले, दादा. घास नाही. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, वजन छान वाढतंय, काळजी कसली?"

"आणि दिवसभर?"

"पहाटे टेकडीवर जाऊन बसते. गुडघे दुखायचे ना तिचे... आता चढते. तिथली माती हातापायांना चोळते. म्हणते, किती मऊ आहे."

तो तडक निघाला. खाली गेला, गाडीतून हाताने फिरवायचं गिरमिट काढलं आणि टेकडी चढला. लख्ख ऊन पडलं होतं. लोक फेऱ्या मारत होते. एका गृहस्थाने त्याला हसून नमस्कारही केला, आणि हात हातात घेतला तेव्हा त्याचा तळवा लोण्यासारखा लागला.

झाडांच्या मधोमध त्याने गिरमिट रोवलं. वीतभर माती लागली. त्यानंतर फिरवावंच लागलं नाही. ते आपोआप खाली जाऊ लागलं, खालून कुणी ओढून घेतल्यासारखं. त्याने दोन्ही हातांनी जोर लावून ते उपसलं. पात्याला पिवळी चरबी लगडली होती. म्हणजे ही टेकडी नव्हतीच, कारखान्याने टाकलेल्या चरबीचा ढीग होता. चाळीस वर्षांत ती चरबी दगड व्हायला हवी होती. ती ऊन होती. वाफ निघत होती तिच्यातून.

सवयीने त्याने हुंगलं, आणि तिथेच भडाभडा ओकला.

चरबीत तांबडे, आखूड केस होते. घोड्यांचे असावेत. त्यांच्यात गुंतलेला एक लांब पांढरा केसही होता. आईची वेणी त्याने लहानपणापासून पाहिली होती. तो केस त्याने बोटाला गुंडाळला, सोडवला, आणि मग घाईने हात गवताला पुसला. मागे पाहिलं तर भोक काठोकाठ भरत आलं होतं. वर येऊन ते थांबलं आणि हळूहळू त्याच्यावर साय धरली.

धापा टाकत तो बहिणीच्या घरात आला. "सामान घे. आईला माझ्याकडे न्यायचं. आत्ता."

"काय निघालं?"

"अकरा नंबरची माती मी तपासलीच नव्हती," तो म्हणाला. "जागा सरकवली होती. लिहिलं नाही."

बहीण त्याच्याकडे बघत राहिली. "तू म्हणाला होतास, डोळे मिटून जा." बस, एवढंच. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. जगाची माती हुंगत हिंडला आणि जन्मदात्रीला मात्र न हुंगलेल्या जागी बसवून मोकळा झाला.

दोघांनी आईच्या काखेत हात घातले. उचलायला गेलं की ती निसटे. ओल्या साबणाची वडी निसटावी तशी पुन्हा खुर्चीत बसे आणि हसे. "अरे, गुदगुल्या होतात..." त्याने दंड घट्ट धरला. सोडला तेव्हा त्याच्या चार बोटांचे चार खड्डे दंडावर राहिले. ते भरून आले नाहीत.

"अशी नाही नेणार मी हिला चार लोकांत," बहीण रडवेली झाली. "आंघोळ घालते. दहा मिनिटं."

"कढत पाणी काढ," तो म्हणाला. "त्याशिवाय हा चिकटा निघायचा नाही."

चिकट्यातलं त्याला कळत होतं. आयुष्य त्यातच गेलेलं.

शेवटी खुर्चीतून शेजारच्या स्टुलावर सरकवून, स्टुलासकट ढकलत त्यांनी आईला न्हाणीघरापर्यंत नेलं. बहिणीने दार लावलं. तो बाहेर पिशव्यांशेजारी उभा राहिला. आत पाणी पडत होतं. आई काहीतरी गुणगुणत होती, अगदी सुखात. वास वाढला. दाराच्या फटीतून वाफ येऊ लागली, मग पाण्याचा आवाज बदलला. जड झाला.

गुणगुणणं थांबलं.

"दादा..." आतून बहीण म्हणाली. "आत येऊ नकोस."

"काय झालं?"

"कढत नको होतं रे... कढत नको होतं..."

दार उघडलं. ती पाठमोरी, एकेक पाऊल मागे टाकत बाहेर आली. कोपरापर्यंत हात पिवळे. हातात आईचा ओला गाऊन, रिकामा. तिच्या खांद्यावरून त्याला वाफ दिसली, वाफेत रिकामं स्टूल दिसलं. फरशीवर घोटाभर दाट पिवळं काहीतरी साचलं होतं. ते जाळीतून खाली जात नव्हतं.

त्याने बहिणीला धरलं.

आणि तेवढ्यात आतून, पार खालून, फरशीच्या अंगाने आईचा आवाज आला, लाडात आल्यासारखा.

"थांबलीस का गं? ओत ना... आणि दादा कुठे गेला? त्यालाही बोलव."