दोघांपुरती हवा

नागपूरचा पारा बावन्नाच्या वर जाऊ लागला, तेव्हापासून शहाणी माणसं हवाबंद घरांत राहू लागली. निवृत्त धातुशास्त्रज्ञ डॉ. घनश्याम भोयरही अशाच घरात राहत. त्यांच्या शहाणपणाबद्दल मात्र त्यांच्या पत्नीला, इंदुमतींना, रास्त शंका होती. कारण धुण्याच्या जागेत त्यांनी एक काचेची बरणी मांडली होती आणि तिच्यात काळं पाणी दिवसभर बुडबुडत असे.

"सोनं पिवळं असते म्हणतात," इंदुमती म्हणाल्या. "तुमचं तर काजळ दिसून राहिलं."

शेजारची फरझाना कुरेशी हसली. वसाहतीतल्या सगळ्या घरांची हवा ती सांभाळत असे आणि काकांचा उद्योग पाहायला मुद्दाम आली होती.

"काकू, हसू नका. काका, हे होते कसं?"

"हा खाणीतला टाकाऊ दगड," भोयर खुलले. "यात सोन्याचे कण आहेत, पण लोखंड आणि गंधकाच्या संयुगात कोंडलेले. नुसतं दळून ते सुटत नाहीत. पूर्वी असा दगड भाजत, त्याचा विषारी धूर व्हायचा. मी यात लोहभक्षी जिवाणू सोडलेत. ते लोखंड-गंधकावर जगतात. सोनं त्यांना पचत नाही, ते मोकळं होऊन मागे राहतं."

इतका खटाटोप कशासाठी, ते त्यांनी फरझानाला सांगितलं नाही. तरुणपणी त्यांच्या संशोधनाला शुद्ध सोनं हवं होतं आणि अनुदान काही येत नव्हतं. तेव्हा नव्या नवरीनं हातातली पाटली काढून दिली होती. त्या पाटलीच्या द्रावणावर भोयर डॉक्टर झाले. इंदुमतींनी त्यानंतर पाटलीचा शब्दही काढला नाही, आणि हेच भोयरांना जास्त लागत होतं. आता तिच्यासाठी निदान एक मणी तरी स्वतःच्या हातानं दगडातून काढायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

बरणीत हिशेब जमला तसा भोयरांना चेव आला. बरणीच्या जागी दोन मोठी पिंपं आली, हवेचे पंप आले.

मग इंदुमतींना धाप लागू लागली. डोकं दुखे, भाजी चिरतानाही मध्येच बसावं लागे. भोयर म्हणत, "उन्हाळा आहे, सरबत घे." एका सकाळी देवासमोरचं निरांजन तीनदा लावूनही विझलं, तशा त्या घाबरल्या.

"मला काही बरं वाटून नाही राहिलं हो. फरझानाला बोलवा."

फरझाना मापक घेऊन आली आणि आकडा पाहून जागीच थांबली. "काका, घरात प्राणवायू पंधरा टक्केच आहे! एकवीस पाहिजे."

"शक्य नाही. श्वासनियंत्रक हिरवा दिवा दाखवतोय."

"तो दाखवणारच. तो प्राणवायू मोजतच नाही. तुमच्या उच्छ्वासातला कर्बवायू मोजतो आणि तेवढ्या माणसांपुरता प्राणवायू आत सोडतो. त्याच्या लेखी घरात दोघंच आहेत. तुमचे जिवाणू प्राणवायू घेतात, पण माणसासारखा कर्बवायू सोडत नाहीत. एवढी खाणारी तोंडं घरात आहेत, हे त्याला कळणार कसं?"

भोयर पिंपांकडे वळले. जिच्यासाठी मणी काढत होते, तिच्याच तोंडची हवा ते पिंपाला पाजत होते. "आत्ता ओतून टाकतो सगळं," ते कसेबसे म्हणाले.

"आधी ताजी हवा." फरझानानं बाहेरची हवा आत घेणाऱ्या झडपेवर हात ठेवला.

"थांब गं," इंदुमती धापा टाकत म्हणाल्या. "ती उघडायच्या आधी एक वासही पाहून घे. कालपासून कपाटामागून जळका वास येऊन राहिला. हे म्हणतात, पिंपातल्या गंधकाचा आहे."

फरझानानं झडपेवरचा हात झटकन काढला. आधी तिनं घराची वीज तोडली आणि पलंगामागचं लाकडी कपाट पुढे ओढलं. शीतयंत्राची तार वितळली होती. कपाटाची पाठ वीतभर कोळसा झाली होती, आणि एका कडेला अजून लाल धग होती. पण ज्वाळ उठली नव्हती. कपाटाच्या या बाजूला इंदुमतींची उशी होती.

पाण्यात भिजवलेली चादर त्यावर दाबून, धग पुरती गेल्यावरच फरझाना बोलली. "पंधरा टक्क्यांत माणूस धापा टाकत जगतो. जाळाला मात्र पेटायला तेवढा पुरत नाही. घरात एकवीस टक्के असते तर काल रात्रीच..." तिनं वाक्य सोडून दिलं आणि झडप पूर्ण उघडली.

हवा आत आली. इंदुमतींनी एक लांब श्वास घेतला, मग आणखी एक. भोयरांनी त्यांचा हात धरला आणि चारचौघांत कधी न रडलेला तो माणूस लेकीच्या वयाच्या मुलीसमोर रडला. "तू वाचलीस, इंदू. मला आणखी काही नको."

संध्याकाळी ते पिंपं ओतायला निघाले, तर इंदुमती वाटेत उभ्या.

"खबरदार! गच्चीवर छपरी घाला, तिथे ठेवा त्यांना."

पिंपं गच्चीवर गेली. इंदुमती मागोमाग चढल्या, धाप न लागता. त्यांनी दळलेल्या दगडाची ओंजळ भरून काळ्या पाण्यात सोडली.

"खा रे बाबांनो," त्या म्हणाल्या. "पोटभर खा. सोनं नाही दिलं तरी चालते."